जनावरांचं दप्तर

१९७४ साली 'जर्नल ऑफ सोशल हिस्टरी' या अमेरिकी नियतकालिकात पाळीव प्राणी आणि शहरी एकाकीपणा या विषयावर एक लेख छापून आला. लेखकाचं नाव चार्ल्स फिनियस. नाव टोपण होतं आणि लेखही थट्टेचा होता. कामगार, स्त्रिया, गुलाम अशा, तोवर इतिहासाच्या पुस्तकांत जागा न मिळालेल्या माणसांचा इतिहास तेव्हा जोमानं लिहिला जाऊ लागला होता. आता कुत्र्यामांजरांचाही इतिहास लिहायला घ्या, असा त्या थट्टेचा रोख होता. तेरा वर्षांनी, १९८७ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनं 'द अ‍ॅनिमल इस्टेट' हे पुस्तक काढलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडमधले वळू, कुत्री, प्राणिसंग्रहालयातले वाघ आणि शिकारीतले हत्ती हा त्याचा विषय. लेखिका हॅरिएट रिट्व्हो. पुस्तक भरपूर पुराव्यांनिशी लिहिलेलं होतं आणि विद्यापीठांतल्या इतिहासकारांना ते गंभीरपणे वाचावं लागलं. आज जगातल्या अनेक विद्यापीठांत प्राण्यांचा इतिहास शिकवला जातो, त्यामागे या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

रिट्व्हो यांच्या कामातून एक विचार निघतो आणि तो आपल्याकडच्या वाचकांपर्यंत पोचायला हवा. प्राण्यांविषयी एखाद्या काळात जे शास्त्र म्हणून मान्य होतं, त्यात त्या काळच्या माणसांचे आपसातले व्यवहार मुरलेले असतात. कोण वरचढ, कोण हलकं, कोणाच्या शब्दाला वजन, कोणाचं रक्त शुद्ध, हे सगळं गाईगुरांच्या वंशावळीत आणि प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत उतरतं. पण प्राणी म्हणजे हवा तसा आकार द्यावा असा मातीचा गोळा नव्हे. तो आपल्या शरीरानं आणि वागण्यानं माणसाच्या कल्पनांना अडवतो आणि कधीकधी सरळ खोट्या पाडतो. या दोन्ही बाजू एकाच वेळी दाखवणं हे प्राण्यांच्या आणि विज्ञानाच्या इतिहासकाराचं काम आहे. ते निव्वळ प्राणिशास्त्र शिकून जमत नाही आणि फक्त लढाया-तहांचा इतिहास शिकूनही जमत नाही. म्हणून अशा अभ्यासकाची विद्यापीठातली वाटचाल सरळ एका खात्यातून होत नाही, आणि तशी ती न होणं हेच तिचं बळ आहे.

रिट्व्हो यांचीच वाटचाल पाहा. त्यांची डॉक्टरेट हार्वर्डची आणि विषय इंग्रजी साहित्य. पुढे त्या अध्यापक झाल्या त्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे जगभर अभियांत्रिकीसाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, आणि तिथे त्यांना आर्थर जे. कॉनर यांच्या नावाचं इतिहासाचं प्राध्यापकपद मिळालं. साहित्याचं शिक्षण त्यांना कुठे उपयोगी पडलं, हे पुस्तक वाचताना कळतं. गोपैदासकारांची मासिकं, कुत्र्यांच्या प्रदर्शनांचे अहवाल, शिकाऱ्यांच्या आठवणी आणि प्राणिशास्त्राचे जाडजूड ग्रंथ त्या सारख्याच बारकाईनं वाचतात. कुठल्या प्राण्याला कुठलं विशेषण लावलंय, कोणाला 'इमानी' म्हटलंय आणि कोणाला 'कृतघ्न', इकडे त्यांचं लक्ष असतं. एकोणिसाव्या शतकातल्या लोकप्रिय प्राणिवर्णनांत बैल, घोडा, कुत्रा यांची स्तुती होते ती चांगल्या नोकराची करावी तशी, आणि मांजरावर संशय घेतला जातो तो ऐकेल न ऐकेल अशा नोकरावर घ्यावा तसा. शास्त्रज्ञाला ही वाक्यं शोभेची वाटून तो पुढे जाईल. राजकीय इतिहासकार असली पुस्तकं उघडणारच नाही. साहित्य शिकलेल्या माणसाला मात्र तिथे थांबावंसं वाटतं, आणि तिथूनच खरी चौकशी सुरू होते.

त्या पुस्तकातलं पहिलं मोठं प्रकरण बक्षीसपात्र गुरांचं आहे. इंग्लंडच्या डरॅम परगण्यात १७९६ साली चार्ल्स कॉलिंग यांच्या गोठ्यात जन्मलेला एक शॉर्टहॉर्न बैल पुढे 'डरॅम ऑक्स' म्हणून देशभर गाजला. जॉन डे नावाच्या मालकानं खास बनवलेल्या गाडीतून तो इंग्लंड-स्कॉटलंडच्या गावोगावी सुमारे सहा वर्षं फिरवला. लोक पैसे देऊन त्याला पाहायला येत, त्याची छापील चित्रं विकत घेऊन घरात लावत. त्याचं वजन दीड टनाच्या घरात गेलं होतं. १८०७ साली त्याचं कमरेचं हाड निखळलं आणि त्याला मारावं लागलं. हा बैल नांगराला जुंपायचा नव्हता, आणि एवढ्या चरबीचं मांस बाजारात खपण्यासारखंही नव्हतं. मग एवढा खर्च कशासाठी? रिट्व्हो यांचं उत्तर असं की, मोठ्या जमीनदारांच्या दृष्टीनं हे जनावर आपल्या वर्गाचं प्रदर्शन होतं. नेपोलियनशी युद्ध चालू असलेल्या काळात देशाला अन्न पुरवणारे आम्हीच, असं त्यातून सांगता येत होतं. १८२२ साली जॉर्ज कोट्स यांनी शॉर्टहॉर्न गुरांच्या वंशावळींची वही छापली. तिची मांडणी सरदार-उमरावांच्या कुळांची नोंद ठेवणाऱ्या पुस्तकांसारखी होती. कोणत्या वळूचा बाप कोण, आजा कोण, हे लिहून ठेवण्याला व्यवहारी उपयोग होताच. पण उपयोग संपल्यावरही वंशावळीचा हट्ट राहिला, आणि तो का राहिला हे गुरांच्या शरीरात नव्हे, मालकांच्या समाजात शोधावं लागतं.

कुत्र्यांच्या बाबतीत हाच धागा जास्त कडवट होतो. प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध काम करणारी संस्था लंडनमध्ये १८२४ साली स्थापन झाली आणि १८४० साली तिला राजमान्यता मिळाली. तिच्या खटल्यांच्या यादीत गाडीवान, गुराखी, खाटीक भरपूर सापडतात. घोड्यांवर बसून शिकारी कुत्र्यांच्या टोळीनिशी कोल्ह्यामागे धावणारे जमीनदार मात्र सापडत नाहीत. पिसाळण्याच्या रोगाचंही तसंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुत्र्यांच्या तोंडाला जाळी बांधण्याची सक्ती झाली तेव्हा शिकारी कुत्र्यांना कामावर असताना सूट होती, आणि संशयाची पहिली नजर गल्लीतल्या, गरिबाच्या कुत्र्यावर जात होती. रोग खरा होता, माणसं खरोखर मरत होती. सक्तीनं आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवरच्या निर्बंधांनी १९०२ पर्यंत ब्रिटनमधून तो नाहीसाही झाला. म्हणजे उपाय बरोबर ठरला, पण तो कोणावर किती कडकपणे लादायचा हे ठरवताना रोगाच्या शास्त्राखेरीज दुसरंही काही काम करत होतं. इतिहासकार हे दोन्ही सांगतो. त्यातलं एक लपवून दुसरं सांगणारा इतिहास मी तरी अर्धाच मानेन.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही, आणि ब्रिटनमधल्या त्या सक्तीच्या कितीतरी आधी तो इथे रस्त्यावर आला होता. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस द्यायचं अशी कंपनी सरकारची पद्धत होती. १८३२ च्या जूनमध्ये कुत्री मारणाऱ्यांनी पारशांच्या वस्तीत हात घातला. अंत्यविधीत कुत्र्याला स्थान असलेल्या पारशांनी त्याला जोरदार विरोध केला, त्यांना इतर समाजांतल्या लोकांची साथ मिळाली, दुकानं बंद झाली आणि कोटातल्या इंग्रजांचा रोजचा पुरवठा अडला. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. या घटनेवर जेसी पालसेतिया यांनी २००१ साली संशोधनपर लेख लिहिला. त्यातून दिसतं ते असं की, कुत्र्यांच्या निमित्तानं शहर कोणाच्या नियमांनी चालायचं याचाच झगडा झाला. कुत्र्यांना त्यातून काढून टाकलं तर तो झगडाच कळत नाही. मात्र नुसती धर्मभावना म्हणून त्याची बोळवण केली तर कंपनीच्या पोलिसांनी शहराच्या स्वच्छतेची जी कल्पना मनात धरली होती, ती सुटते.

इथवरचं सगळं ऐकून कोणी म्हणेल, हा इतिहास प्राण्यांचा कुठे आहे, तो माणसांचाच आहे. बैल आणि कुत्री नुसते आरसे आहेत. रिट्व्हो यांच्या पहिल्या पुस्तकावर ही टीका खरोखर झाली, आणि ती अगदीच गैरलागू नाही. प्राण्यानं दप्तर लिहून ठेवलेलं नाही. जे काही हाती लागतं ते माणसाच्या हातचं. पण या आक्षेपाचं उत्तर त्यांच्या पुढच्या कामात आहे. १९९७ साली आलेल्या 'द प्लॅटिपस अँड द मरमेड' या पुस्तकात त्यांनी प्राण्यांच्या वर्गीकरणाची कथा सांगितली, आणि तिथे प्राणी आरसा राहत नाही. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीचे गव्हर्नर जॉन हंटर यांनी १७९८ मध्ये प्लॅटिपसचं कातडं इंग्लंडला पाठवलं. बदकासारखी चोच, अंगावर केस, पायाला पडदे. जॉर्ज शॉ यांनी १७९९ मध्ये त्याचं वर्णन छापलं तेव्हा हे कोणीतरी जोडून बनवलेलं तर नाही ना, ही शंका त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. तेव्हाच्या बाजारात माकडाचं धड आणि माशाची शेपूट जोडून 'जलपऱ्या' विकल्या जात असत, त्यामुळे शंका रास्त होती. पुढची ऐंशी वर्षं हा प्राणी कुठल्याच खणात नीट बसला नाही. दूध पाजतो म्हणावं तर स्तनाग्रं नाहीत, अंडी घालतो म्हणावं तर तसं पाहिलेला युरोपीय नाही. तिथल्या आदिवासींपैकी काहींनी अंड्यांचं सांगितलं होतं, पण त्यांचा शब्द पुरावा धरला गेला नाही. अखेर १८८४ साली विल्यम कॉल्डवेल या तरुण शास्त्रज्ञानं, आदिवासींकडूनच मोठ्या प्रमाणावर प्राणी गोळा करवून, अंडी घालणारी मादी मिळवली आणि मॉन्ट्रियलला भरलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या परिषदेला तारेनं कळवलं. कोणाच्या सांगण्याला पुरावा मानायचं हे समाजानं ठरवलं होतं. पण ते अंडं समाजानं घडवलेलं नव्हतं. ते तिथे होतंच, आणि शेवटी त्यानं सगळ्यांना खण बदलायला लावलं.

याहून बोलकी गोष्ट झेब्र्याची आहे आणि तिच्यापाशी जरा थांबायला हवं. १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लॉर्ड मॉर्टन यांचं एक पत्र छापलं गेलं. त्यांच्याकडे क्वागाचा नर होता. क्वागा म्हणजे झेब्र्याचाच दक्षिण आफ्रिकेतला एक प्रकार, ज्यातला शेवटचा प्राणी १८८३ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. मॉर्टन यांनी त्या नराकडून आपली तांबूस अरबी घोडी फळवली आणि तिला संकरित शिंगरू झालं. नंतर ती घोडी दुसऱ्याकडे गेली, काळ्या अरबी घोड्याकडून फळली, आणि तिच्या या पुढच्या शिंगरांच्या अंगावर क्वागासारखे पट्टे दिसले. यातून निष्कर्ष काढला गेला तो असा की, पहिल्या नराची छाप मादीच्या शरीरात कायमची राहते आणि पुढच्या सगळ्या संततीत उतरते. पैदासकारांचा हा समज जुनाच होता. जातिवंत कुत्री एकदा गावठी कुत्र्याकडून व्याली की ती कायमची वाया गेली असं ते धरून चालत. मॉर्टनच्या घोडीनं त्या समजाला शास्त्राचा शिक्का मिळाला. साक्षात डार्विननंही ही हकीकत आपल्या पुस्तकांत घेतली. रिट्व्हो इथे एक साधी गोष्ट ध्यानात आणून देतात. एकदाच्या संबंधानं डाग लागतो तो फक्त मादीला. चार ठिकाणी वापरलेला वळू किंवा घोडा बिघडला असं पैदासकार सहसा म्हणत नसत. हा फरक गोठ्यातून आलेला नाही. तो घरातून गोठ्यात गेलेला आहे, आणि बाईच्या शुद्धतेचा प्रश्न किती घरांना आतून पोखरतो हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

आता दुसरी बाजू. एडिंबरा विद्यापीठातले निसर्गशास्त्राचे प्राध्यापक जेम्स कोसार युअर्ट यांनी १८९० च्या दशकात शहराजवळच्या पेनिक्विक इथे हा समज तपासायला घेतला. माटोपो नावाचा झेब्रा त्यांनी मिळवला, त्याच्याकडून वेगवेगळ्या घोड्या फळवल्या आणि त्याच घोड्या नंतर साध्या घोड्यांकडे नेल्या. पहिलं संकरित शिंगरू १८९६ साली झालं. त्याचं नाव ठेवलं रोम्युलस. युअर्ट यांचा खरा हुशारीचा भाग पुढे आहे. पट्टे दिसतात का एवढंच पाहून ते थांबले नाहीत. ज्या घोड्यांनी झेब्रा कधी पाहिलाही नव्हता त्यांच्या शिंगरांचे पट्टेही त्यांनी नोंदले, आणि तसे पट्टे तिथेही सापडले. म्हणजे मॉर्टनच्या घोडीच्या शिंगरांवरचे पट्टे सांगायला क्वागाची गरजच नव्हती. घोड्यांच्या जातीत ते मुळातच अधूनमधून उमटतात. १८९९ साली त्यांनी आपले प्रयोग पुस्तकरूपानं प्रसिद्ध केले आणि त्या समजाला शास्त्रातला आधार उरला नाही. या प्रयोगांत साम्राज्याचा हिशेबही होता. आफ्रिकेतल्या त्से-त्से माशीनं घोडे मरत. झेब्र्याचा संकर तिथे टिकेल का, खेचरासारखा ओझी वाहील का, भारतातल्या डोंगरी तोफखान्याला उपयोगी पडेल का, याचीही चाचपणी चालू होती. ही गोष्ट निव्वळ प्राणिशास्त्रज्ञ सांगेल तेव्हा ती एक चूक दुरुस्त झाल्याची सुटसुटीत कथा होईल. निव्वळ समाजाचा इतिहासकार सांगेल तेव्हा ती स्त्रीविषयीच्या पूर्वग्रहाची कथा होईल. खरी गोष्ट दोन्हींची मिळून आहे, आणि तिच्यात निकाल दिला तो शिंगरांनी.

प्राण्यांनी दप्तर लिहिलेलं नाही हे खरं, पण दप्तरात त्यांचे ठसे जागोजागी आहेत, हे रिट्व्हो यांच्या बरोबरीनं इतर अभ्यासकांनीही दाखवलं. रॉबर्ट कोहलर यांनी १९९४ साली फळमाशीवर पुस्तक लिहिलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत ही माशी स्वस्त आणि झटपट वाढणारी म्हणून आली. पण तिच्यात बदललेले प्रकार इतक्या वेगानं निपजत गेले की ते सांभाळण्यासाठी प्रयोगशाळेलाच आपली कामाची पद्धत बदलावी लागली. कॅरन रेडर यांनी २००४ साली प्रयोगशाळेतल्या उंदराचा इतिहास लिहिला. कर्करोगाच्या संशोधनासाठी जगभर जाणारा हा उंदीर सुरुवातीला हौशी लोकांसाठी उंदीर पाळणाऱ्या अ‍ॅबी लॅथ्रॉप या बाईंच्या शेडमधून आला होता. आणि डॅनियल टोडीस यांनी पाव्हलोव्हवर केलेलं काम तर डोळे उघडणारं आहे. पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांना नावं होती आणि प्रत्येकाच्या स्वभावाच्या नोंदी होत्या, कारण एकाच प्रयोगाला दोन कुत्री एकसारखं उत्तर देत नसत. एवढंच नाही, शस्त्रक्रिया केलेल्या कुत्र्यांचा जठररस गोळा करून अपचनावरचं औषध म्हणून विकला जाई आणि त्या पैशाचा प्रयोगशाळेच्या खर्चाला चांगला हातभार लागे. पाव्हलोव्हला १९०४ साली मिळालेलं नोबेल पारितोषिक पचनसंस्थेवरच्या कामासाठी होतं. त्या पारितोषिकात कुत्र्यांचा वाटा किती, हा प्रश्न भावुकपणाचा नाही; ते विज्ञान कसं घडलं याचा तो प्रश्न आहे.

एक आक्षेप याहून वजनदार आहे आणि तो आपल्या देशातून येतो तेव्हा टाळून चालत नाही. ज्या समाजात कोट्यवधी माणसांचाच इतिहास अजून लिहिला गेलेला नाही, तिथे जनावरांच्या इतिहासावर विद्यापीठाचा पैसा आणि तरुण संशोधकांची वर्षं का घालवायची? आक्षेप प्रामाणिक आहे. पण पुरावा उलट दिशेनं जातो. सौरभ मिश्रा यांनी उत्तर भारतातली गुरंढोरं आणि ब्रिटिश राज्य यांच्यावर २०१५ साली पुस्तक लिहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे गुरं मोठ्या संख्येनं मरत तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी चर्मकारांवर बोट ठेवलं: कातड्यासाठी हे लोक जनावरांना विष घालतात. एका अख्ख्या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का बसला. गुरांच्या साथींचा इतिहास हाताशी नसेल तर त्या आरोपाची शहानिशा कशी करणार? गुरांच्या साथी वारंवार येत होत्या, आणि संसर्गानं किती गुरं मेली व विषानं किती, हे सांगू शकेल अशी पशुवैद्यक यंत्रणा सरकारकडे जेमतेमच होती. इथे जनावराचा इतिहास लिहिणं म्हणजेच दडपलेल्या माणसांचा इतिहास लिहिणं आहे. महाराष्ट्रात तर हे जास्तच लागू पडतं. मेलेली गुरं ओढण्याचं काम जातीनं लादलं गेलं होतं, आणि ते सोडा, मृत मांस खाणं सोडा, असं आवाहन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेत केलं. गुरांचा इतिहास लिहिणारा अभ्यासक ही गोष्ट वगळूच शकत नाही. आणि जातीचा इतिहास लिहिणाऱ्यानंही गुरं किती मरत, कशानं मरत, कधी मरत हे विचारलं तर त्याच्या हाती नवी सामग्री येईल.

ती सामग्री कुठे आहे? बरीचशी आपल्याकडेच. आज इज्जतनगरला असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था मुळात १८८९ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात 'इम्पिरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' म्हणून सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. संसर्गजन्य रोगांवर भर वस्तीत प्रयोग करणं धोक्याचं म्हणून ती १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगावरच्या भारतातल्या संशोधनाची सुरुवात अशी पुण्याशी जोडलेली आहे. हा रोग २०११ साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर पूर्णपणे संपवलेला हा दुसराच रोग. देवीच्या निर्मूलनाची कथा शाळेत शिकवली जाते, बुळकांडीचं मात्र नावही नव्या पिढीला ठाऊक नाही, आणि हे ज्या राज्यात शेतकऱ्याचं सगळं बैलावर चालत आलं तिथे घडतं याचं वाईट वाटतं. चित्रंही आहेत. पुण्यातले चित्रकार गंगाराम तांबट यांनी १७९० साली पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. पुण्याच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काढलेलं ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. कातडीच्या घड्या, खूर, खाली झुकलेलं डोकं, सगळं डोळ्यांसमोरच्या जनावरावरून काढलेलं. तो गेंडा पुण्यात कसा आला, काय खात होता, त्याच्या देखभालीला किती माणसं होती, कंपनीच्या वकिलाला त्याचं चित्र का हवं होतं, हे प्रश्न पेशवाईच्या राजकारणाइतकेच गंभीर आहेत, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी वाचणाऱ्या माणसाला त्यातल्या काहींची उत्तरं शोधता येतील.

अशा संशोधकाला नोकरी कोण देणार, हा प्रश्न मात्र खरा आहे. इतिहास विभाग म्हणतो विषय विज्ञानाचा आहे, पशुवैद्यक महाविद्यालय म्हणतं विषय इतिहासाचा आहे. रिट्व्हो यांच्या संस्थेनं यावर तोडगा काढला तो असा की, इतिहास, मानववंशशास्त्र आणि विज्ञान-तंत्रज्ञानाचा समाजाशी संबंध या तिन्हींचा मिळून एकच डॉक्टरेट अभ्यासक्रम ठेवला. विद्यार्थ्याला दोन घरांत पाहुणा म्हणून राहावं लागत नाही. भारतात महेश रंगराजन यांनी वन्यजीवांच्या इतिहासाला विद्यापीठात जागा मिळवून दिली आणि दिव्यभानुसिंह यांनी १९९५ साली भारतातल्या चित्त्याच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. नामिबियातून चित्ते २०२२ साली कुनोत आणले गेले तेव्हा इथे पूर्वी चित्ता कुठे होता, किती होता, तो शिकारीसाठी कसा पाळला जाई, या चर्चेला त्या ग्रंथाचा आधार होता. तरीही ही माणसं मोजकी आहेत. मराठी माध्यमातून या विषयावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी आज मार्गदर्शक शोधायला निघाला तर त्याला फार फिरावं लागेल.

आणि गरज तर न्यायालयापर्यंत जाऊन पोचली आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली तेव्हा बैलाचं शरीर शर्यतीच्या घोड्यासारखं धावण्यासाठी घडलेलं नाही, हा मुद्दा निकालात होता. मे २०२३ मध्ये घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्ती कायद्यांना मान्यता दिली. त्या वेळी जल्लीकट्टू हा तमिळ संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे की नाही, हे ठरवायला सखोल सामाजिक-सांस्कृतिक विश्लेषण लागेल आणि ते न्यायालयाचं काम नाही, असंही पीठानं म्हटलं. पहिल्या निकालातला प्रश्न प्राणिशास्त्राचा, दुसऱ्यातला इतिहासाचा. महाराष्ट्रातली शर्यत किती जुनी, पूर्वी कोणती जनावरं पळवत, खिलार जातीची निवड शर्यतीसाठी झाली की शेतीसाठी, तिच्या पैदाशीत संस्थानिकांचा वाटा किती, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीनं बोललं जातं, पण कागद काढून दाखवणारा अभ्यास फार थोडा आहे. वाद घालणाऱ्यांना त्याची उणीव भासत नाही. निर्णय घेणाऱ्यांना भासायला हवी.

म्हणून एक मागणी करावीशी वाटते. जिल्हा परिषदांच्या गुरांच्या दवाखान्यांतल्या जुन्या नोंदवह्या, पांजरापोळांच्या जमाखर्चाच्या वह्या, नगरपालिकांचे कुत्र्यांविषयीचे ठराव, संस्थानी पागांची आणि शिकारखान्यांची दप्तरं, गुरांच्या बाजारांच्या पावत्या यांना आज कोणी इतिहासाची साधनं मानत नाही. कार्यालयाची जागा बदलली, इमारतीला रंग द्यायचा झाला, की हे कागद आधी रद्दीत जातात. ज्या वाचकांच्या घरात, संस्थेत किंवा कार्यालयात असे कागद असतील त्यांनी ते टाकू नयेत. जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला किंवा पुराभिलेखागाराला कळवावं, आणि तिथून उत्तर आलं नाही तर पुन्हा कळवावं.